गाडीभोवती एक फेरी

काका कुठल्याही गाडीत बसायच्या आधी तिच्याभोवती एक फेरी मारायचे. डाव्या पुढच्या चाकापासून सुरुवात, मागून वळसा, उजव्या पुढच्या चाकाशी शेवट. कुठलीही गाडी म्हणजे अगदी कुठलीही. थांब्यावर बस आली की लोक दाराकडे धावायचे आणि हे चाकाकडे. यांची फेरी पुरी होईपर्यंत बस पुढच्या सिग्नलला पोचलेली असायची. आमच्या बेंगळुरूतल्या मारतहळ्ळीचे ऑटोवाले तर त्यांना लांबूनच ओळखायचे आणि तोंड फिरवायचे. मग काका चालत निघायचे. या वयात एवढं चालू नका असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, माझ्या पायांची तपासणी मी रोज करतो, ऑटोची कोण करतं?

शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, काका बोटभर हातोडी ठेवायचे. तिनं चाकाचे नट एकेक करून ठोकायचे. घट्ट नट खणखणीत वाजतो, ढिला बद्द वाजतो. आणखी एक खोड म्हणजे गाडीला ते अहोजाहो करायचे आणि मालकाला अरेतुरे. "ह्यांचा ब्रेक डावीकडे ओढतोय, आणि तू ह्यांना रस्त्यावर आणलंस?" कानडीतसुद्धा हाच प्रकार. समोरचा माणूस 'ह्यांना' म्हणजे कुणाला म्हणून मागे वळून बघायचा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, म्हातारबुवांचा स्क्रू ढिला आहे. पण त्यांचा ढिला असा एकही स्क्रू नव्हता, आणि आमचं भांडण झालं ते त्यावरूनच.

मला मोटार वाहन निरीक्षक व्हायचं होतं. म्हणजे ते, जे लॉरी-बसची एफसी करतात, गाडी रस्त्यावर चालायला लायक आहे की नाही ते बघून सही करतात. घरात कुणालाच हे पटलेलं नव्हतं. आमचं घराणं तीन पिढ्या बेंगळुरूत, वडील सरकारी कारखान्यात अभियंता. मुलीनं कॉम्प्युटरवर बसावं, लॉरीखाली झोपू नये, असं त्यांचं सरळ मत. पण त्यासाठी काय काय लागतं ते मला तोंडपाठ होतं. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा, तो होता. कन्नड लिहिता-वाचता येणं, ते आमच्या गल्लीत मराठीच्याही आधी यायचं. लॉरी-बस चालवायचं लायसन्स, ते काढायचं होतं. आणि मान्यता असलेल्या गॅरेजमध्ये पुरं एक वर्ष काम केल्याचा दाखला. या शेवटच्या कलमापायी मी काकांच्या गॅरेजात जाऊन पोचले.

गॅरेज त्यांचं नव्हतं. ते स्वतः जन्मभर निरीक्षक होते, आणि निवृत्त झाल्यावर जुन्या मारतहळ्ळीतल्या त्या गॅरेजच्या मालकानं त्यांना देखरेखीला ठेवलं होतं. दाखल्यावर मालकाची सही आणि काकांची सही, अशा दोन लागायच्या. कामगार त्यांना 'सार' म्हणायचे. मी मराठी म्हणून मला काका म्हणायची सूट मिळाली. बाकी कसलीही सूट मिळाली नाही.

पहिले दोन महिने त्यांनी मला पान्याला हातच लावू दिला नाही. गाडी सुरू करायची, मी डोळे मिटून उभं राहायचं आणि काय काय ऐकू येतं ते सांगायचं. मला फक्त घरघर ऐकू यायची. मग हळूहळू त्या घरघरीतून पट्ट्याची चिरचिर वेगळी झाली, बेअरिंगचा आवाज वेगळा झाला. आधी कान, मग डोळे, हात सगळ्यांत शेवटी, असा त्यांचा क्रम. लॉरी शिकवायला बसले तेही डोळे मिटून. मी व्हाइटफील्डच्या बाजूला रिकाम्या रस्त्यावर लॉरी घेऊन थरथरतेय आणि शेजारी हे ध्यानस्थ! तिसऱ्या दिवशी डोळे न उघडता म्हणाले, तुझा डावा पाय क्लचवर विसावतोय, तो उचल. मी मुकाट्यानं उचलला.

चहाचं तर काय सांगू. काका कुणाचाही चहा घ्यायचे नाहीत. गॅरेजात दिवसातून तीनदा सगळ्यांना चहा यायचा, आणि हे आपल्या स्टीलच्या थर्मासमधून झाकणात ओतून कोपऱ्यात एकटे प्यायचे. नोकरीत असताना लागलेली सवय. ज्याची गाडी आपल्या हाताखाली आहे त्याच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम, आणि तो त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवला की मी झोपेतही म्हटला असता. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी तो पाळला. आता या शहरात गाडी नाही असा माणूस किती? त्यामुळे काकांना मित्र असे उरलेच नाहीत. शेजारी नाही, नातेवाईक नाही. बायको होती तोवर निदान थर्मास भरून द्यायला कुणी होतं. ती गेली त्यानंतर थर्मासही तेच भरायचे.

एक मुलगा होता, सर्जापूर रोडवर, मोठ्या कंपनीत, चौदाव्या मजल्यावर. बापलेकांचं वाकडं नव्हतं, पण सरळही नव्हतं. त्याची गोष्ट गॅरेजातल्या मिस्त्रींनी मला सांगितली. मुलाच्या लग्नात वरातीची गाडी फुलांनी अशी काही मढवली होती की मागचे दिवे, नंबर, काही म्हणून दिसत नव्हतं. काकांनी फेरी मारली आणि सरळ फुलं ओरबाडून काढायला सुरुवात केली. नवरानवरी उभी, व्याही उभे, वाजंत्रीवाले वाजवायचे थांबले. सून बिचारी रडकुंडीला आली. शेवटी दोन्ही दिवे लागताना डोळ्यांनी पाहिले तेव्हाच काकांनी गाडी सोडली. त्यानंतर मुलगा दर दिवाळीला घ्यायला यायचा, काका त्याच्या गाडीभोवती फेरी मारायचे, टायरवर नख फिरवायचे आणि म्हणायचे, टायर बदल, मग येतो. दोन-तीन दिवाळ्यांनी तो यायचा थांबला. फोन करायचा.

आता माझ्या दाखल्याचं. निरीक्षकांच्या जागा निघाल्या. या जागा काही दरवर्षी निघत नाहीत, लोक वर्षानुवर्षं वाट बघतात. अर्जाची शेवटची तारीख आली तेव्हा माझं वर्ष भरल्यात जमा होतं. मधे आईच्या ऑपरेशनसाठी मी रजा घेतली होती, तेवढेच दिवस कमी. मालकानं दाखला टाइप करून आणला, सही ठोकली आणि काकांपुढे ठेवला. काकांनी हजेरीची वही मागवली. बोट ठेवून बघितलं. एकोणीस दिवस कमी भरत होते.

मालक हसत म्हणाला, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, सार." या गावात हे वाक्य कुठेही चालतं. बसमध्ये तिसऱ्याला बसायला जागा हवी असो की कचेरीत एखादा कागद कमी असो, थोडं सांभाळून घ्या म्हटलं की माणसं सरकून घेतात. काकांनी दाखला घडी घालून परत दिला.

मी विनवण्या केल्या. रडलेसुद्धा. आई आजारी होती हो, मी काय मजा मारायला गेले होते का, असं म्हटलं. काका माझ्याकडे न बघता हातोडी पुसत राहिले.

"आज मी तुझ्यासाठी खोटं लिहिलं," ते म्हणाले, "तर पहिल्या दिवसापासून तू त्या खोट्यावर उभी राहून दुसऱ्यांच्या गाड्या नापास करणार. जमेल तुला?"

मला जमलं असतं. अगदी आरामात जमलं असतं. मी तसं त्यांना तोंडावर सांगितलं आणि अंगातला तेलकट डगला काढून त्यांच्या टेबलावर आपटून निघून आले. खरं सांगायचं तर तो राग अजूनही थोडा शिल्लक आहे.

पुढची तीन वर्षं मी कोरमंगलात एका विम्याच्या कचेरीत फुटलेल्या गाड्यांचे फोटो बघून फॉर्म भरत बसले. वडील खूश होते. मी मात्र घरी जाताना पुढच्या बसचा कुठला नट ढिला असेल ते ऐकत बसायची. मग पुन्हा जागा निघाल्या. मी दोन दिवस स्वतःशीच भांडले आणि तिसऱ्या दिवशी त्याच गॅरेजच्या दारात जाऊन उभी राहिले. काका लॉरीखाली होते. बाहेर आले, मला पाहिलं, 'कशी आहेस' नाही की 'ये' नाही. भिंतीकडे बोट दाखवलं. माझा डगला खिळ्याला टांगलेला होता, धुतलेला. "एकोणीस दिवस राहिलेत," एवढंच म्हणाले. विसाव्या दिवशी सकाळी दाखला माझ्या हातात होता, दोन्ही सह्यांनिशी.

मी निरीक्षक झाले. आणि झाल्यावर मला काका कळायला लागले. एफसीच्या मैदानावर शंभर माणसं असतात, पण आपण जवळ गेलो की सगळी गप्प होतात. चुलतभावाचा फोन येतो, तो 'कशी आहेस'नं सुरू होतो आणि त्याच्या मित्राच्या टेम्पोवर येऊन थांबतो. मैत्रिणीकडे जेवायला गेले तर तिच्या नवऱ्याच्या तीन टॅक्सी निघाल्या. एकेक करून मी घरं गाळत गेले. एक दिवस मैदानाच्या कोपऱ्यात झाडाखाली बसून मी डब्याबरोबर आणलेला चहा झाकणात ओतत होते आणि एकदम लक्षात आलं की मी कुणासारखी बसले आहे. मला चांगलं वाटलं नाही.

अशातच एका गुरुवारी काका मैदानात आले. फाटकातून आपली जुनी स्कूटर ढकलत आत आणत होते. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी नव्यानं करावी लागते, त्यासाठी तपासणी. रांगेत उभे राहिले, नंबर आल्यावर पुढे झाले आणि मला म्हणाले, "नमस्कार मॅडम. ह्यांना बघून घ्या." मॅडम! मी कसंनुसं हसले आणि फेरीला लागले. डावं पुढचं चाक, मागून वळसा. मागचा लाल रिफ्लेक्टर जागेवर नव्हता.

मी दोनदा बघितलं. काकांच्या गाडीला रिफ्लेक्टर नाही? पण नाही म्हणजे नाही. मी नापासचा शेरा लिहिला, पुढच्या गुरुवारची तारीख दिली. काकांनी मान डोलावली आणि कामकाज कसं चाललंय, आई बरी आहे का, असं चार शब्द विचारून गेले.

पुढच्या गुरुवारी रिफ्लेक्टर होता, हॉर्न वाजेना. त्या संध्याकाळी मला घरी जेवण गेलं नाही. काका म्हातारे झाले, त्यांच्या नजरेतून गोष्टी सुटायला लागल्या, या विचारानं मला भडभडून आलं. ज्या माणसाचा एक नट कधी सुटला नाही त्याला आपला हॉर्न बंद आहे हे कळू नये? मुलाला कळवावं की काय, असंही मनात आलं.

तिसऱ्या गुरुवारी मागचा दिवा लागेना. मी दिव्याचं काचेचं झाकण काढलं तर आत बल्बच नाही. काका बघायला वाकले आणि त्यांच्या खिशातून हातोडीबरोबर एक रुमालाची पुरचुंडी खाली पडली. मी उचलली. आत बल्ब होता. चांगला, स्वच्छ पुसलेला बल्ब.

मग सगळं कळलं. हे फाटकापर्यंत स्कूटर व्यवस्थित चालवत आणायचे, फाटकापाशी एकेक वस्तू काढून खिशात घालायचे, आणि अशी गाडी चालवायची नाही म्हणून तिथून पुढे ढकलत आणायचे. मला भयंकर संताप आला.

"माझे एकोणीस दिवस तुम्ही सोडले नाहीत काका," मी हळू आवाजात म्हटलं. मागे रांग होती.

काका स्कूटरच्या सीटवरून हात फिरवत होते. "मॅडम, नापास करा आणि पुढची तारीख द्या," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "घरी दार वाजत नाही गं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. त्या जागी जे आलं ते रागाहून वाईट होतं. पण मी त्यांचीच शिकवलेली.

"तुमची गाडी माझ्या हाताखाली आहे तोवर मी तुमच्याकडे चहाला कशी येणार?" मी म्हटलं. "नियम तुमचाच ना?"

जन्मभर तो नियम काकांनी एकाच बाजूनं पाळला होता, दुसऱ्या बाजूनं तो असा दिसतो हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मला भेटायला म्हणून ते गाडी नापास करून घेत होते, आणि ती नापास होती म्हणूनच मी त्यांच्या घरी जाऊ शकत नव्हते. त्यांनी बल्ब घेतला, बसवला. दिवा लागला. मी पाच वर्षांची सही केली.

त्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. जुन्या मारतहळ्ळीतलं बैठं घर, आजूबाजूला सगळीकडे पेइंग गेस्टांच्या पाच-पाच मजली इमारती आणि त्यांच्या खिडक्यांत वाळणारे टॉवेल. काका हातोडी घेऊन फाटकातच उभे. मी हेल्मेट काढायच्या आत ते माझ्या स्कूटरच्या डाव्या बाजूला पोचले होते. फेरी झाली. मागच्या टायरवर नख फिरवलं. म्हणाले, ह्यांना टायर हवाय, बदलून पुढच्या रविवारी दाखवायला आण. मग आत नेऊन त्यांनी मला चहा दिला. स्वयंपाकघर चार पावलांवर होतं, तरी चहा थर्मासमधूनच.

पुढच्या रविवारी टायर दाखवला, तर आरसा ढिला निघाला. मग ब्रेकची तार, मग स्टँडची स्प्रिंग. तीन महिन्यांत माझी स्कूटर कधी नव्हती इतकी ठणठणीत झाली. आम्ही फार बोलायचो असं नाही. ते जुन्या गाड्यांचं सांगायचे, मी मैदानावरचं सांगायची. पण मला आठवडाभर रविवारची वाट बघायची सवय लागली. माझंही दार कुठे वाजत होतं?

आणि एका रविवारी काकांना काही सापडलं नाही. एक फेरी मारली, दुसरी मारली, गुडघे टेकून खालून पाहिलं. उठले. "पास," म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला. निघताना ते फाटकाशी थांबले, मीही थांबले. पुढच्या रविवारी अशीच ये, एवढे चार शब्द त्यांना बोलता आले नाहीत. येते म्हणून मलाही सांगता आलं नाही. दुसऱ्या कुठल्याही दोन माणसांना यात काही अडलं नसतं. आम्ही दोघं निरीक्षक. गाडी पास झाली म्हणजे परत बोलवायला कारण नाही.

दोन रविवार मी गेले नाही. घरी बसून चिडचिड केली. तिसऱ्या रविवारी मी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी स्कूटर थांबवली, स्क्रू ड्रायव्हरनं मागच्या दिव्याची काच उघडली, बल्ब काढून रुमालात गुंडाळला आणि गाडी ढकलत त्यांच्या घराशी गेले. फाटकाला कुलूप होतं.

शेजारच्या अक्का बाहेर आल्या. मंगळवारी सारना अर्धांगवायूचा झटका आला, मुलगा येऊन घेऊन गेला, असं त्यांनी कानडीत सांगितलं. वाचा गेलीय म्हणाल्या. मग म्हणाल्या, तुम्हीच ना त्या स्कूटरवाल्या? दोन्ही रविवारी सार सकाळपासून दुपारपर्यंत फाटकात थर्मास घेऊन बसले होते. मी आमच्याकडे आत येऊन बसा म्हटलं तर नको म्हणाले, असं अक्का सांगत होत्या.

मी तिथेच बल्ब परत बसवला, कारण तशी गाडी चालवता येत नाही. अक्कांकडून मुलाचा नंबर घेतला आणि कशीबशी घरी आले.

पुढच्या रविवारी सर्जापूर रोड. फाटकावर नाव, नंबर, कुणाकडे, सगळं लिहून घेऊन मग आत सोडलं. पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये स्कूटर लावली आणि पुन्हा स्क्रू ड्रायव्हर काढला. मुलाला फोन करून विचारलं, काकांना खाली आणता येईल का. तो भला माणूस निघाला. चाकाच्या खुर्चीतून घेऊन आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबा कुणाला ओळखत नाहीत हो. नुसते बघत बसतात. तुम्हाला वाईट वाटू देऊ नका."

काका खरंच नुसते बघत होते. उजवा हात मांडीवर पडलेला. खिशात हातोडी नव्हती. मी त्यांच्याशी काही बोलले नाही, बोलण्यानं आमचं कधी काही झालंच नव्हतं. खुर्ची ढकलत स्कूटरच्या डाव्या पुढच्या चाकापाशी नेली, आणि तिथून हळूहळू फेरी सुरू केली. ते बघत होते की नाही, मला मागून दिसत नव्हतं. मागच्या चाकाशी वळसा घेताना खुर्ची अडली. काकांनी डाव्या हातानं खुर्चीचं चाक धरलं होतं.

समोर मागच्या दिव्याची काच होती. तिच्या आत काही नव्हतं. काका त्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी डावा हात माझ्याकडे वळवून तळवा पुढे केला.

मी रुमाल काढला, सोडला आणि बल्ब त्यांच्या तळव्यावर ठेवला. मला वाटलं, बघतील आणि परत देतील. त्यांनी मूठ मिटली, आणि सावकाश, दोनदा चुकून तिसऱ्यांदा, तो आपल्या शर्टाच्या खिशात घातला.

मुलगा म्हणाला, "अहो बाबा, त्यांचा आहे तो, त्यांना घरी जायचंय."

मी म्हटलं, राहू दे. स्कूटर तिथेच पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये ठेवून मी त्या दिवशी बसनं घरी आले. थांब्यावर बस आली तेव्हा आधी चाकांकडे गेले, म्हणून पहिली चुकली, दुसरी मिळाली.